चौथ्या खांबातले बाबुराव

मी त्या वेळी हातात ओळंबा धरून तिथंच उभा होतो, त्यामुळे यात वाढवून सांगितलेलं फार नाही.

आमचे धायरीतले शेजारी बाबुराव. त्यांच्या जिभेनं त्यांच्या मुलीची, पूर्वाची, तीन स्थळं चहा संपायच्या आत वाटेला लावली होती. चौथा अनिरुद्ध, हा पूर्वानं स्वतः निवडलेला. तो रविवारी चार वाजता आईला घेऊन कोथरूडहून येणार होता. हेही मोडलं तर पोरगी बापाचं तोंड बघणार नाही, असं त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, मला दोनदा सांगितलं होतं.

पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून बाबुरावांनी अंगणातल्या पत्र्याच्या शेडला नक्षीचे खांब लावायला काढले. शेडचे लोखंडी पाइप बारीक. त्यांच्याभोवती फायबरची दोन अर्धी नळकांडी समोरासमोर आणून चिकटवायची, की झाला खांब, हत्तीच्या पायाएवढा. वैजनाथ मिस्त्रीनं तीन उभे केले, पण बाबुरावांचा विश्वास बसेना. सांध्यातून उजेड दिसला तर काम कच्चं, आणि तो दिसणार आतूनच, असं म्हणून ते चौथ्या खांबाच्या अर्ध्या नळकांड्यात जाऊन उभे राहिले. अंगानं इतके किडकिडीत, की पाइपाशेजारी दुसरा पाइप वाटले. वैजनाथला म्हणाले, लावा दुसरी बाजू.

त्यानं लावली. कडांना चिकटवायचं केमिकल आधीच फासलंय, हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"उजेड नाही," आतून आवाज आला. "काम बरं आहे. उघडा."

उघडेना. आम्ही दोघांनी ओढलं. शेड हलली, खांब ढिम्म. वैजनाथ कटर उचलतोय तोवर फाटकाशी गाडी थांबली. वहिनींनी त्याच्या हातातून कटर काढून घेतला आणि खांबाला तोंड लावलं.

"अहो, वरून हवा येतेय ना? मग गप्प राहा. एक शब्द बोललात तर तुमचा मुक्काम आतच."

अनिरुद्धच्या आई मथुराबाई खुर्चीत टेकल्या. मुलीचे वडील कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. कामात अडकलेत, वहिनी म्हणाल्या. मथुराबाईंनी वर बघितलं.

"शेड पत्र्याची आणि खांब राजवाड्याचे. असो."

मग त्यांनी चहाला नावं ठेवली, पोह्यांना ठेवली. माझ्या टोपीबद्दल जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. पूर्वाचा चेहरा उतरत चालला. चौथा खांब मात्र बारीक बारीक हलत होता, हसू दाबणाऱ्या माणसाच्या पोटासारखा.

उठताना मथुराबाई म्हणाल्या, मुलगी आम्हाला पसंत आहे, वडील सापडले की विचारून कळवा.

"विचारायला नको," खांब म्हणाला. "पंचवीस वर्षांत आमच्या अंगणात इतकं खरं कुणी बोललं नाही. स्थळ पसंत आहे."

पूर्वानं डोळे मिटून घेतले. मथुराबाईंनी खांबाला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं.

"मग बाहेर या," त्या म्हणाल्या. "खांबाबरोबर बसून लग्नाच्या याद्या करायची आमच्यात पद्धत नाही."