मिटलेलं बोट

विजयमालाचा फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या कारखान्यात स्टोअरच्या प्रोग्रामशी भांडत बसले होते.

"अंजे, रविवारी ये. माझी वही न् लॅपटॉप घिऊन जा. मी सोडलं."

"काय सोडलं?"

"प्रोग्राम लिहायचं. साखरेनं डावा डोळा नेला. उजव्यानं भिजल्या काचंतनं बघितल्यागत दिसतंय. सोसायटीला सोमवारी पाळीपत्रक द्यायचं हाय, न् माझा प्रोग्राम चालंना. न्हाई जमलं तर त्यांनी पुण्याचा तयार प्रोग्राम बघून ठेवलाय. घिऊ देत."

'घिऊ देत' हे तिनं इतकं सहज म्हटलं की मी ओळखलं, बाई रडून मोकळी झालेली आहे.

विजयमाला कोरेगावची. तिथल्या पाणीपुरवठा सोसायटीत कामाला. कुणाच्या उसाला कोणत्या दिवशी किती तास पाणी, हे पाळीपत्रक काढणारा प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिलाय. आमची ओळख तेवीस वर्षांपूर्वीची. सांगलीत आठ दिवसांचा संगणक वर्ग होता आणि मशीन कमी म्हणून एकेका मशीनवर दोघी बसवल्या होत्या. माऊस तिच्याकडं, कीबोर्ड माझ्याकडं. वर्ग संपला, सर निघून गेले, आणि आम्हाला एवढंच नीट समजलं की आपल्याला काही येत नाही.

मग आम्ही एकमेकींना शिकवायला लागलो, फोनवरून. रविवारी दर कमी असायचा. मी जयराजच्या एसटीडी बूथवर जायची, ती सोसायटीच्या फोनपाशी बसायची. आठवड्यात एकीला जे जमलं ते दुसरीनं वहीत उतरून घ्यायचं. त्याला आम्ही तुकडा म्हणायचो. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिही, म्हणजे यादी आपोआप ओळीत लागते. नावामागची रिकामी जागा आधी कापून टाक, नाहीतर मशीनला एकाच माणसाची दोन माणसं दिसतात. हा तुकडा मिळायच्या आधी तिच्याकडं एकानं दोनदा पाणी घेतलंही होतं. विचारलं तर म्हणाला, मशीनच दे म्हणालं. प्रत्येक तुकड्याखाली देणारीचं अक्षर घालायचं, 'अं.' नाहीतर 'वि.'.

खरी अडचण चिन्हांची होती. शाळेत 'महिरपी कंस' शिकलो होतो, पण मीटर पळत असताना महिरपी कोण म्हणणार? त्याची झाली मिशी. एक मिशी उघडायची, एक बंद करायची; एक जरी बंद करायची राहिली तर प्रोग्राम चालत नाही. ओळीच्या शेवटी जो अर्धविराम येतो ती गाठ, कारण शिवण संपली की दोऱ्याला गाठ मारतात. खालची आडवी रेघ म्हणजे उंबरा. अवतरणचिन्हं म्हणजे डूल. बूथमध्ये मी मोठ्यानं म्हणत असायची, "मिशी उघड, डूल, पाणी, डूल, गाठ." बाहेर रांग ऐकत असायची. तिसऱ्या रविवारी जयराजला राहवलं नाही.

"ताई, इचारू का? मिशी कुणाची हाय?"

"मशीनची," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पुढच्या रविवारी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

आता कारखान्यातली पोरं मशीनलाच विचारतात आणि मशीन क्षणात लिहून देतं. चांगलंच आहे. फक्त खाली कुणाचं अक्षर नसतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं कोरेगावला उतरले. दारातच कापडी पिशवी बांधून ठेवलेली. वही त्यातच असणार. विजयमालाचे यजमान आकाराम, म्हणजे आमचे दाजी, सुभेदार होऊन पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनीच चहा टाकला. गेले पंधरा दिवस तेच तिला प्रोग्राम वाचून दाखवत होते. माझ्यापुढं पुन्हा वाचला, हजेरी घेतल्यासारखा.

"फॉर. आय. इज इक्वल टू. झिरो. पुढं..."

"आवं, पुढं काय?" विजयमाला म्हणाली.

"पुढं किरकोळ हाय."

"किरकोळ म्हंजी?"

"टिंबं-बिंबं. ती काय वाचायची?"

विजयमाला माझ्याकडं वळली. "बगितलंस? तीस वर्सं माणसं मोजली, टिंबं मोजली न्हाईत."

"माणूस महत्त्वाचा," दाजी म्हणाले आणि कप विसळायला आत गेले.

झालं होतं असं, की दोघा भावांची जमीन वाटून झाली तर पाण्याचे तास कसे वाटायचे, एवढी दुरुस्ती तिनं दिसेल तशी केली होती आणि तेव्हापासून प्रोग्राम सुरूच होत नव्हता.

"कुठंतर मिशी ऱ्हायलीय बंद करायची," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. पर दिसत न्हाई."

डोळ्याच्या दवाखान्यातल्या एका मॅडमनी तिच्या लॅपटॉपवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम घालून दिला होता. त्यातली बाई एकही टिंब सोडत नव्हती. पण सगळं इंग्रजीतून आणि घाईघाईत.

"लेफ्ट ब्रेस, राईट ब्रेस. माझ्या कानाला दोनी सारखीच. पुढचं ऐकूस्तवर मागचं इसरतं."

"सरक," मी म्हटलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

मी वाचायला लागले. मिशी उघड. उंबरा. गाठ. सुरुवातीला जीभ अडखळली, मग बूथमधला सूर सापडला. विजयमालानं डोळे मिटले होते. तिचा डावा हात गुडघ्यावर आला. मिशी उघडली की ती एक बोट मिटायची, बंद झाली की सोडायची. फोनच्या त्या टोकाला ती हे करत असायची, हे मला तेवीस वर्षांत कळलं नव्हतं. ह्या टोकाला मीही हेच करायची.

प्रोग्राम संपला तेव्हा तिची करंगळी मिटलेलीच होती.

"एक ऱ्हायली," ती म्हणाली. "भावांच्या वाटणीपाशी बग."

तिथंच होती. मी बंद केली. पाळीपत्रक सुरू झालं आणि नावं ओळीनं खाली उतरायला लागली. मी चार नावं वाचून दाखवली. दाजींनी आतून "शाब्बास" म्हटलं. विजयमाला मात्र तशीच बसून होती.

"आज तू हायस. फुडच्या पाळीला कोण? ती पिशवी ने म्हंजी मी मोकळी."

काहीतरी करायचं म्हणून मी त्या वाचणाऱ्या बाईच्या सेटिंगमध्ये शिरले. आमच्यासारख्या आपापल्या शिकलेल्या बायकांना ही खोड असते, काही सुचलं नाही की सगळी बटणं उघडून बघायची. आत एक यादी सापडली. डावीकडं चिन्ह, उजवीकडं त्याला काय म्हणायचं ते. आणि उजवीकडचं बदलता येत होतं.

मी आवाज मराठी केला, वेग कमी केला आणि चिन्हांपुढं आमचा एकेक शब्द टाईप केला. मग म्हटलं, "दाब."

तिनं चाचपून बटण दाबलं. ती बाई कोऱ्या आवाजात म्हणाली, "मिशी उघड."

विजयमाला थबकली. तिनं पुन्हा दाबलं. "उंबरा. गाठ. मिशी बंद."

मग ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दाजी ओला कप हातात घेऊन बाहेर आले. दुसरा हात स्वतःच्या मिशीवर होता.

"काय म्हणाली ती?"

"तुमास्नी न्हाई," विजयमाला म्हणाली. "तुमी किरकोळ."

जेवणापर्यंत ती एकेक ओळ खाली उतरत राहिली. बोटं मिटत होती, उघडत होती. दोनदा चुकली, दोनदा वर जाऊन पुन्हा आली. तिसऱ्यांदा एक जुनी ओळ तिनं स्वतः पुसली. "ही कवाच काढायला पायजे हुती," म्हणाली.

निघताना मी दाराकडं बघितलं.

"पिशवी उचल," ती म्हणाली. "वही काढ न् आधी हा तुकडा लिही. मशीनला आपली बोली शिकवायचा. मग कपाटात ठिव, मधल्या कप्प्यात."

"खाली अक्षर कुणाचं?"

"दोगींचं घाल."

दोनशे बारावा तुकडा होता तो. माझं अक्षर पूर्वीपेक्षा वाईट झालंय.

परतीच्या गाडीत रहिमतपूर मागं पडलं आणि फोन वाजला.

"कागद हाय का? एक युक्ती सापडलीय. लिहून घे."

कागद नव्हता. तिनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सोडवून तिचं वरचं वर्तमानपत्र काढलं, कोरी कड शोधली, फोन मानेत धरला.

"सांग."

"मिशी उघड," ती म्हणाली.

मी डाव्या हाताचं एक बोट मिटलं.