रायभानचा मोबाइल आणि परक्याची मेंढी

मी रायभानचा मोबाइल बोलतोय. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पण गंगाखेडच्या एका दुकानातून रायभानच्या खिशात आलो आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. रायभान मेंढपाळ. लेक दैवशाला सोनपेठला नांदते, तिचं तोंड रोज दिसावं म्हणून त्यानं मला घेतलं.

सुरुवातीला मी फक्त दैवशालाचं तोंड दाखवायचो. मग रायभानला कुस्त्यांचे व्हिडिओ सापडले. मेंढरं चरायची आणि हा बाभळीखाली मला नाकाला लावून बसायचा. उन्हात माझा उजेड कमी पडला की डोळे आणखी बारीक करायचा. इतक्या जवळून मला स्पष्ट दिसायचं, हा माणूस पापणी मिटायचंच विसरलाय! संध्याकाळी डोळे लाल, कपाळ ठणकतंय, मान आखडलेली. "धूळ गेली आसंल," म्हणायचा आणि पुन्हा मलाच उघडायचा.

पूर्वी रायभान लांबच्या बांधावरूनही आपलं मेंढरू ओळखायचा. गावात त्याचं नाव होतं. पण एका संध्याकाळी दत्तरावांचा कळप शेजारून गेला आणि दिवसभर माझ्यात डोळे घालून बसलेल्या रायभाननं त्यांचीच एक मेंढी घरी हाकून आणली.

थोड्या वेळात दत्तराव दारात उभे. "रायभान, माझी मेंढी चोरायलास व्हय?"

रायभानचा चेहरा पडला. "चोर न्हाई मी, दत्तराव. मला... नीट दिसंना झालंय."

त्याची बायको कासाबाई बाहेर आली, मेंढीकडं बघितलं आणि तिला हसूच फुटलं. "आवं, आपल्या एका तरी मेंढीचा कान आसा काळा हाय का? दत्तराव, हे चोर न्हाईत, मोबाइल बघून आंधळे व्हायलेत!"

दत्तरावही हसले, मेंढी घेऊन गेले. रायभान मात्र त्या रात्री जेवला नाही. मलाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कासाबाईनं त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. "मामा, डोळे शाबूत आहेत, नुसते दमलेत. एकटक बघून कोरडे पडतात. सतत जवळचं बघितलं की लांबचं काही वेळ धूसर दिसतं. मोबाइल हातभर लांब धरा, मधून मधून खाली ठेवा. पापण्या मिटा, लांब बघा."

"लांब बघायचं? त्ये तर माझं कामच हाय!"

"मग कामच करा की!" बाई म्हणाल्या, आणि रायभान पहिल्यांदा मोकळा हसला.

आता संध्याकाळी आम्ही दैवशालाशी बोलतो, जमलं तर एखादी कुस्ती बघतो. दिवसभर मी पिशवीत, भाकरीच्या शेजारी. अंधार असतो, पण बरं वाटतं.

तुमच्या हातातही माझा एखादा भाऊ असेलच. त्याला थोडा वेळ पालथा ठेवा, खिडकीबाहेर बघा. तो रुसणार नाही. उलट दिवस मावळताना निम्मं चार्जिंग शिल्लक राहिलेलं बघून त्यालाही हायसं वाटेल.