बर्फाच्या पेटीतलं कांबळं

मी शीतपेटी, वेशीबाहेरच्या पंपघरात राहते. खानापूरकडच्या या गावात मला बर्फाची पेटी म्हणतात. माझ्यात बर्फ नसतो. वीज असते, वर काचेचं झाकण असतं आणि कधीतरी आत मेलेलं माणूस असतं.

बेळगावात नोकरीला असलेल्या इथल्या तरुणांनी मला आणलं. लांब गेलेल्या मुलांना आईबापाचं तोंड बघायला मिळावं, एवढाच हेतू. मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा पंच मारुतीराव म्हणाले, "पेटी आणलीसा. आता ती रिकामी बसंल व्हय?"

देवळाच्या ओवरीत मला जागा मिळाली नाही, शाळेतही नाही. आठवडाभरात रवळूचा बैल मेला, त्याचा बोलही मलाच लागला. पंचायतीच्या खोलीत मी धूळ खात पडले. मीही माणसांकडे संशयानेच पाही. जवळ येणारा जो तो माझी लांबी स्वतःशी ताडून बघतोय, असं वाटे.

एप्रिलच्या उन्हाळ्यात एका सकाळी शालूबाई गेल्या. एकुलती लेक माधवी मस्कतला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आप्पा, आईचं तोंड बघितल्याबिगर न्हेऊ नकासा."

ती पोचणार दुसऱ्या दिवशी. पण मयत गावात असेपर्यंत इथे कुणाच्या घरी चूल पेटत नाही. लेकरं, आजारी माणसं, सगळ्यांनी उपाशी राहायचं? शेवटी मारुतीरावांनीच वाट काढली. "वेशीभाईर पंपघरात लाईट हाय. पेटी तितं ठेवा. मग चुली पेटवायला हरकत न्हाय."

अशी मी वेशीबाहेर आले.

शालूबाईंचे पती मष्णू माझ्याजवळून हलेनात. त्यांनी काचेला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. थोड्या वेळाने झाकण उघडून बायकोच्या कपाळाला हात लावला. मग पुन्हा उघडलं. दर वेळी माझ्यातली थंडी बाहेर जायची. असंच चाललं, तर लेकीला कसलं तोंड दिसणार होतं?

"मष्णूअण्णा, झाकण उघडू नकोस रं," मारुतीराव म्हणाले.

"ती पंखासुदीक लावू देत न्हवती. आन तुमी हितं घातलासा."

मष्णूंनी घरून काळं कांबळं आणलं, शालूबाईंच्या गळ्यापर्यंत पांघरलं, कडा आत खोचल्या. मग स्वतःच झाकण लावलं. त्यानंतर ते उघडलं नाही.

कांबळ्यामुळे मला जास्त राबावं लागलं. रात्रभर माझी मोटर घरघरत होती.

माधवी सकाळी आली. आईचं तोंड तिने पोटभर बघून घेतलं. मग तिची नजर खाली गेली.

"आप्पा, कांबळं?"

मष्णू दुसरीकडे बघू लागले.

"बरं केलासा," ती म्हणाली, आणि मग रडली.

ते कांबळं शालूबाईंबरोबर गेलं. तिसऱ्या दिवशी सावडणं आटोपून मष्णू एकटेच पंपघरात आले. माझं बटण बंद असल्याचं निरखून पाहिलं. त्यांचा माझ्यावर भरवसा अजून नव्हताच. मग झाकण उघडून त्यांनी दुसरं कांबळं घडी करून आत ठेवलं.

"फुडच्याला," ते म्हणाले. कुणाला, कोण जाणे. पंपघरात आम्ही दोघंच होतो.

तेव्हापासून ते माझ्यात आहे. मला दुरुस्त करायला कुणी आलं, तर अडगळ म्हणून ते काढून टाकू नका. मी थोडी जास्त राबेन.