डाव्या हाताचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे, पण माझे वय मला एका आकड्यात सांगता येणार नाही. माझ्या तळाचे हिरवे लुगडे चाळीस वर्षांचे आहे. मधले पांढरे धोतर त्याहून थोडे धाकटे. वरची ठिगळे वेगवेगळ्या साली आली. त्यांत एक कारखान्याच्या गणवेशाची राखाडी बाही आहे आणि एक कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या कोटाचा खिसा. शिवाय माझा एक कोपरा आहे. तो जेमतेम वर्षभराचा आहे. त्या कोपऱ्यावरचे टाके बाकीच्या सगळ्या टाक्यांच्या उलट दिशेने धावतात. असे का, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराटा गावी, बानूबाईंच्या अंगणात झाला. त्यांच्या सासरची माणसे पूर्वी मेंढरे घेऊन गावोगाव हिंडत. बानूबाई लग्न होऊन आल्या तोवर ती माणसे शेतीत स्थिरावली होती. घरात राहिल्या होत्या फक्त घोंगड्या. एका उन्हाळ्यात सारवलेल्या अंगणात हिरवे लुगडे पसरले गेले, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले गेले आणि त्यावर एकेक थर चढू लागला. मधोमध बानूबाईंनी घोंगडीचा एक तुकडा ठेवला.

"मेंढरं राखणाऱ्याच्या घरची गोधडी हाय," त्या शेजारच्या शेवंताबाईंना म्हणाल्या. "पोटात लोकर नको व्हय?"

ही त्यांची चूक होती. लोकर पाण्यात फार आटते, सुती कापड तितके आटत नाही. पहिल्याच धुण्यात माझ्या मधोमध उंटाच्या मदारीसारखा उंचवटा आला. तो आजही आहे. घरातल्या मुलांची त्यावर डोके ठेवण्यासाठी भांडणे होत, म्हणून तो कुणी काढला नाही.

बानूबाईंनी शिवताना मापाची पट्टी कधी हातात धरली नाही. शेजारी चिंध्यांचे बोचके असे. त्यात हात घालायचा, जो तुकडा हाताला लागेल तो आधीच्या तुकड्याशेजारी ठेवून बघायचा. लांब झाला तर दुमडायचा. तोकडा झाला तर त्याला आणखी एक शेजार द्यायचा. कोणता रंग कुठे येणार, हे त्यांनाही आधी माहीत नसे. मग कडेपासून धावदोरा सुरू होई आणि फेर घेत घेत मधल्या मदारीपर्यंत येई. समोरच्या कडेला शेवंताबाई बसत. माझ्या दक्षिणेकडच्या कडेवरचे बारीक, तांदळाच्या कणीएवढे टाके शेवंताबाईंचे आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बानूबाईंच्या घरची एक रीत होती. गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात पोळीचा एक घास सारायचा आणि मग तो शिवून टाकायचा. दरवर्षी दसऱ्याआधी घरच्या सगळ्या गोधड्या नदीवर धुतल्या जात. खडखडीत वाळल्यावर माझा तो कोपरा उसवला जाई आणि आत नवा घास जाई.

पुढे संपतचे, म्हणजे बानूबाईंच्या मुलाचे, लग्न झाले आणि रुपाली घरात आली. रुपाली रसायनशास्त्र शिकलेली. ती दोघे कारेगावला राहतात; रुपाली जवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. पहिल्याच दसऱ्याला रुपालीने तो घास पाहिला.

"आत्या, आत पोळी शिवली की उंदीर येणारच. त्यांना वास लागतो."

"लागू दे की. उपाशी गोधडी ऊब देत न्हाई."

"ऊब गोधडी देतच नाही. ऊब आपल्या अंगाची असते. थरांमधली हवा ती धरून ठेवते, एवढंच."

बानूबाईंनी सुई थांबवली. "म्हंजी मी इतकी वरसं हवा शिवली म्हण की!"

दोघी खूप हसल्या. पण घास आत गेलाच. दरवर्षी हाच वाद होई आणि दरवर्षी तो तसाच संपे. फक्त दोन वर्षांपूर्वी, काय वाटले कोण जाणे, बानूबाई म्हणाल्या, "बरं बाई, न्हाई ठेवत यंदा." रुपाली पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात त्यांनी घास आत सारून चार टाके घालूनही टाकले.

त्यानंतर आठव्या दिवशी त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

शिरूरच्या दवाखान्यातून त्या थेट कारेगावला, मुलाच्या घरी आल्या. बोलणे महिन्याभरात सुधारले, पाय दोन महिन्यांत. उजवा हात मात्र एका जुन्या पदराच्या झोळीत गळ्यात अडकून राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तो कॉटखाली गेला की बानूबाई तो काढायला सांगत नसत. रुपालीने एकदा सुई-दोरा आणून समोर ठेवला, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

"माझं शिवणं झालं. परत काढू नगं ते."

मित्रांनो, ज्या बाईने आयुष्यभर बसल्या जागी रिकामा हात कधी ठेवला नाही, ती आता दिवसभर मांडीवरच्या हाताकडे बघत बसे. जेवण कमी झाले, मग बोलणेही. ती पुन्हा शिवेल की नाही, हा प्रश्न रुपाली कुणाला विचारत नसे. पण त्याच एका प्रश्नाभोवती ते घर फिरत होते.

आणि मी? मला रुपालीने गावाहून आणले आणि फार जपले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. आत्यांनी शेवटचा टाका घातलेली गोधडी, ती मळायला नको, विरायला नको. वापरातल्या गोधडीजवळ उंदीर सहसा फिरकत नाही. ती रोज झटकली जाते, उन्हात पडते, तिला माणसाचा वास असतो. माळ्यावर मला यांतले काहीच नव्हते. पोटात मात्र घास होता. ते रुपालीला ठाऊक नव्हते. उंदरांना कळायला फार वेळ लागला नाही.

पुढच्या दसऱ्याला तिने मला खाली काढले, तेव्हा माझा एक कोपरा नव्हता. तिथे पंजाएवढे भोक होते आणि पिशवीत कापसासारखा भुगा. रुपालीने भोकात बोट घातले, शिळ्या पोळीचा काळपट कण बाहेर काढला आणि सासूकडे पाहिले. ती चिडून काही बोलली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

"पायपुसणी कर तिची," बानूबाई म्हणाल्या. "माझ्याच हातानं केली, माझ्याच हातानं घालवली."

रुपालीने पायपुसणी केली नाहीत. महिन्याभराने तिने मला एका चादरीत बांधले, सासूला तयार केले आणि गावाहून शेवंताबाईंना बोलावून घेतले. दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या एका शेतावर तीन दिवसांचे गोधडीचे शिबिर होते. विषय होता, न मोजता शिवणे.

"मी येऊन काय करू?" बानूबाईंनी विचारले.

"बसून राहा. हवा बदलेल."

"आन् जेवाण फुकाट हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "मी तर त्यासाठीच आलीया."

शिबिर पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये होते. पंधरा-सोळा बायका होत्या, बहुतेक पुण्याच्या, मशीनवर काटेकोर चौकोन जोडण्यात तरबेज. शिबिर भरवणाऱ्या अनुपमाताईंनी पहिल्याच सकाळी एक टोपली फिरवली.

"पट्ट्या, टेपा, खडू, सगळं यात टाका. तीन दिवस कुणी मोजायचं नाही."

शेडमध्ये चुळबुळ सुरू झाली. एक बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "चालेल. पण न मोजता म्हणजे, साधारण किती इंच इकडे-तिकडे चालेल?"

शेवंताबाईंना हसता हसता ठसका लागला. "बाई, आमी जल्मभर न मोजताच शिवलं. पर आमाला कुणी शिबिर न्हाई म्हणलं!"

बानूबाई हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

रुपालीने मला मधोमध पसरले. माझ्या भोकावर लावायला तिने बाजारातून नवे कोरे निळे कापड आणले होते. तिने ते ताणून बसवले, चारी बाजू अगदी सरळ. नवे कापड कडक असते. मला ते कोपऱ्यावर मारलेल्या पत्र्यासारखे वाटले. भिंतीकडून आवाज आला.

"आटंल ते."

दिवसभरात बानूबाई बोललेले हे पहिले वाक्य होते. रुपालीने मान वर केली नाही. "किती आटेल, आत्या?"

"किती ते तुझ्या कंपनीला ठावं. पर आटंल. आन् आटताना जुनं कापड फाडून घिऊन जाईल."

रुपालीने त्याच कापडाचा एक तुकडा कापला, गरम पाण्यात बुडवला, उन्हात वाळवला आणि पिशवीतून हळूच टेप काढली.

"सहा इंचाचं पावणेसहा झालं," ती म्हणाली.

"आणि ही टेप कुठून आली?" अनुपमाताईंनी विचारले.

सगळी शेड हसली. रुपाली लाजली आणि टेप टोपलीत गेली. निळे कापड उसवले गेले. मग सोबत आणलेल्या बोचक्यातून तुकडे निघू लागले. बानूबाई एकेकाला नाही म्हणत गेल्या. हा जाड, तो झिरझिरीत, त्याचा रंग जाणार. शेवटी त्यांनी डाव्या हाताने गळ्यामागची गाठ सोडली. झोळी सुटली. उजवा हात त्यांच्या मांडीवर उतरला.

"हे घे. धून धून मऊ झालंय. आता ह्ये न्हाई आटायचं."

रुपालीने तो पदर हातात घेतला आणि मांडीवर पसरून त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"आण हिकडं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी लावते."

त्यांनी तो माझ्या भोकावर ठेवला आणि शिवायला घेतले. मित्रांनो, इतके वाईट टाके माझ्या अंगावर कधी पडले नव्हते. एकेक टाका बोटभर लांब, एक वर तर एक खाली. बानूबाई आधी पुढे झुकल्या, मग सरकत सरकत माझ्या कडेपाशी आल्या.

"शेवंते, हे टाकं हाईत का बैलगाडीची चाकोरी?"

"मंग तू दाव की! का नुसती तोंडानं शिवणार हायस?"

रुपाली काही बोलणार होती. शेवंताबाईंनी तळहात उचलून तिला थांबवले.

"उजवा मेलाय माझा," बानूबाई म्हणाल्या.

"डावा जिता हाय न्हवं?"

शेडमधली शिवणाची मशिने थांबली होती. बानूबाईंनी डाव्या हातात सुई घेतली. ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी लुळ्या उजव्या हाताचे मनगट माझ्यावर ठेवले, दगड ठेवतात तसे, म्हणजे मी हलू नये. आणि पहिला टाका घातला. तो वाकडा होता. दुसराही. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे शिवत जाते. आता त्यांना डावीकडून उजवीकडे जावे लागत होते. आयुष्यभर ज्या वाटेने गेल्या, ती वाट त्यांना उलटी चालायची होती. त्यासाठी कुणाकडेच माप नव्हते. त्या दिवशी अकरा टाके झाले. रुपालीने ते मोजले. मोजायचे नाही, याची आठवण तिला कुणी करून दिली नाही. दुसऱ्या दिवशी सदतीस झाले. रुपालीने सोबत आणलेला रबरी चेंडूही त्यांनी स्वतःच मागून घेतला.

शेवंताबाईंचे टाके तेवढे सगळे उसवले. "वाया गेली माझी मेहनत," त्या म्हणाल्या. माझ्या दक्षिणेकडच्या कडेवरचे तांदळाच्या कणीएवढे टाके मी कुणाला दाखवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोपरा चार बोटे उघडा राहिला होता. रुपाली जेवणावरून उठून आली. तिच्या चिमटीत पोळीचा घास होता.

बानूबाईंनी मान वर केली. "तूच म्हणतीस न्हवं, उंदीर येत्यात?"

"येतीलच," रुपाली म्हणाली. "माझं मत बदललेलं नाही."

"मंग?"

"तुमची गोधडी आहे, आत्या. तुम्ही ठरवा."

बानूबाईंनी घास घेतला, डाव्या अंगठ्याने आत सारला आणि सुई उचलली.

"आलं तर येऊ दे," त्या म्हणाल्या. "शिवीन परत."

रुपाली एकदम उठून बाहेर नळावर गेली. तिथे ती बराच वेळ तोंड धूत होती.

आता मी कारेगावला बानूबाईंच्या कॉटवर असते. रोज झटकली जाते, रविवारी गच्चीच्या कठड्यावर उन्हात पडते. खाली सतरंजीवर एक नवी गोधडी पसरलेली आहे. तिचे सगळेच टाके डावीकडून उजवीकडे जातात. चिंध्या रुपाली निवडते. त्यांतले बरेच तुकडे बानूबाई परत बोचक्यात टाकतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. तिच्यावर माया असेल, तर तिला पिशवीत कोंडू नका. अंगावर घ्या, मळवा, धुवा, ऊन दाखवा. ती विरेल. कधीतरी तिला भोकही पडेल, कारण कापडाला ते चुकत नाही. तेव्हा मात्र तिला माळ्यावर टाकू नका. एखादे मऊ झालेले फडके शोधा आणि सुई घ्या. कोणत्या हातात घ्यायची, ते मागाहून ठरवता येते.