पिळून टाकलेला पालक

सून काहीतरी लपवतेय, हे मला रक्ताचा रिपोर्ट ऐकताच कळलं. फोलेट, ते बाळासाठी लागणारं जीवनसत्त्व, पुन्हा कमी! पहिलं बाळ पोटातच गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हे वाढल्याशिवाय पुढचा विचार नको. तेव्हापासून मी रोज पालक निवडून, धुऊन, शिजवून तिच्या ताटात वाढत होते. मग तो जात कुठे होता?

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी पाळतच ठेवली. ती जेवून उठली की कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायचं, तिची पर्स चाचपायची.

मुलगा म्हणाला, "आई, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं."

"घेतलं असतं तर आधी तुलाच आत टाकलं असतं."

तिचं ताट मात्र चाटूनपुसून लख्ख. म्हणजे पोरगी भलतीच पोहोचलेली!

शेवटी मीच तिच्यासोबत दवाखान्यात गेले. "हिला विचारा, खाते की टाकते," मी सरळ सांगितलं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडेच वळल्या. "पालक शिजवता कसा?"

"चांगला गाळ होईपर्यंत उकडते. तिच्या पोटात जंतू जायला नकोत ना. मग घट्ट पिळून हिरवं पाणी मोरीत."

"अहो, बरंचसं फोलेट त्या पाण्यातच उतरतं. त्यात पालेभाजीतलं असंही अर्धंमुर्धंच अंगी लागतं. गोळीतलं जवळजवळ सगळं लागतं. मी दिलेल्या गोळ्या चालू आहेत ना?"

सून मान खाली घालून बसली.

"बघा! मी म्हणत नव्हते?" मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

"कधीच्याच बंद केल्या," ती पुटपुटली. "आई म्हणाल्या होत्या, कारखान्यातल्या पावडरीपेक्षा मातीतलं बरं. त्या इतक्या मायेनं करत होत्या. मला वाटलं, त्यांना जास्त कळत असेल."

मी परत खुर्चीत टेकले. लाज वाटली, रडूही आलं. जिच्या पर्समध्ये मी हात घातले, तिनं माझ्या एका वाक्यावर आपल्या बाळाची आशा टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिनं काही खाण्याआधीच, मी गोळी आणि पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला. "घे," म्हटलं. ती खरंच गिळते का, हे बघायला सवयीनं तिथेच उभी राहिले. मग भानावर आले आणि तिच्याकडे पाठ करून पालक निवडायला बसले.