अकरा नंबरची चिठ्ठी

मधलीला भुताखेतांची भीती कधी वाटली नाही. तिला भीती वाटायची बाबांच्या चिठ्ठ्यांची, आणि ते सगळं पाप दादाचं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांत घर. घड्याळ आलं की ते चिठ्ठीवर दोनदा नंबर लिहीत, चिठ्ठी मधोमध हाताने फाडत, अर्धी घड्याळाला दोऱ्याने बांधत आणि अर्धी गिऱ्हाइकाला देत. कात्री चालायची नाही. हाताने फाटलेली वेडीवाकडी कड दुसऱ्या कशालाच जुळत नाही ना! "चिठ्ठी जुळली की वस्तू द्यायची, मग मागणारा कुणी का असेना," हे त्यांचं उठताबसता चालायचं.

दादा नऊ वर्षांचा, मधली पाचाची, धाकटा ढब्बू दोनाचा. एके दिवशी मधलीच्या हातून दादाचा लाल खडू मोडला. दादा ओरडला नाही, तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

"तुला कुणी सांगितलं नाही वाटतं?" तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "तू आमची नाहीस. दुरुस्तीला आलीयेस. सारखी रडायचीस म्हणून एक बाई तुला ठेवून गेल्या, त्या अजून आल्याच नाहीत."

"खोटारडा!"

"मग ही कुणाची?" त्याने खिशातून अर्धी चिठ्ठी काढली. "अकरा नंबर. दुकानात अकरा नंबरचं घड्याळ शोधून दाखव, सगळी रंगपेटी तुझी."

कार्ट्याने ती चिठ्ठी एका गजराच्या घड्याळाची सोडून आणली होती आणि घड्याळ कपाटामागे ढकललं होतं. मधलीला वीसपर्यंत आकडे येत होते. तिने एकूण एक फळी पाहिली. दहा होतं, बारा होतं, अकरा नव्हतं. शिवाय दादा हुबेहूब बाबा, ढब्बू हुबेहूब आई, आणि तिच्यासारखं नाक घरात कुणालाच नाही!

दादाने चिठ्ठी तिच्या मनगटाला बांधली. "काढलीस तर बाबांना सांगेन."

दोन दिवस तिने लांब बाह्यांचा झगा अंगावरून उतरवू दिला नाही. दुकानात बाईमाणसाचा आवाज आला की ती पलंगाखाली. घास घशाखाली उतरेना. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. आईला सांगायची सोय कुठे होती? ती परक्यांची आई!

तिसऱ्या दिवशी सकाळी ढब्बू ढुंगण वर करून गाढ झोपला होता. मधली बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिने आपली चिठ्ठी सोडली, त्याच्या गुबगुबीत मनगटाला बांधली आणि पक्की गाठ मारली. तिला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दुपारी ती पोटभर जेवली, वर मागून घेतलं.

ताट अजून तिच्या पुढ्यातच होतं तेवढ्यात दुकानातून बाबांचा आवाज आला. "अकरा नंबर ना, बाई? थांबा हं, इथेच कुठेतरी असेल."

मधली ताटावरून उठून आत धावली. ढब्बू पलंगावर चमचा चावत बसला होता. तिला बघून तो हसला आणि ओला चमचा तिच्यापुढे धरला. तिने त्याचा हात ओढला. गाठ सुटेना. तिचीच गाठ! बाहेर बाबा खण उघडत होते, बंद करत होते. शेवटी तिने दोरा दातांनी तोडला. ढब्बूला वाटलं खेळच आहे, तो खिदळायला लागला.

चिठ्ठी मुठीत आणि दुसरा झगा काखेत घेऊन ती दुकानात जाऊन उभी राहिली.

"अकरा नंबर मी आहे," ती म्हणाली. "ढब्बू नाही. मी."

बाबांनी तिच्या मुठीतला कागद घेतला आणि हाताच्या सवयीने गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीला लावून पाहिला. कडा तंतोतंत जुळल्या. मधलीने डोळे गच्च मिटले.

"अहो, मला माझं घड्याळ द्या," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "मुली माझ्या घरात तीन आहेत!"

पुढे दादाचा कान किती पिळला गेला ते विचारू नका. बाबांनी तिला उचलून घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

आता भावंडं जमली की ही गोष्ट निघतेच. "काय धिटाई पोरीची! झगा घेऊन निघाली होती!" दादा सांगतो, आणि सगळ्यांत मोठ्याने ढब्बू हसतो. "आणि म्हणे, ढब्बू नाही! माझं नाव मध्ये कुठून आलं गं?" तो दर वेळी विचारतो.

मधलीही हसते. पण तिचं लक्ष त्याच्या मनगटाकडे जातं. दुपारच्या त्या जेवणाचं तिने त्याला अजून सांगितलेलं नाही.