दोनशे चौदा हरकती

ऑफिसात त्याला सगळे मुद्देसूद म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. वन्यजीव खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत तो बावीस वर्षं कारकुनी करत होता. सरकार एखादा कायदा बदलायला निघालं की लोकांकडून जे कागद येतात ते उघडायचे, एकेकाला नंबर द्यायचा, वहीत चढवायचे आणि वर पाठवायचे, एवढंच त्याचं काम.

प्राण्या-पक्ष्यांच्या आणि त्यांच्या राहण्याच्या जागांच्या संरक्षणाचा कायदा दर दहा वर्षांनी तपासला जातो. मसुदा निघतो, साठ दिवसांची मुदत मिळते आणि जनतेने आपल्या हरकती व सूचना पाठवाव्यात असं मोठ्या प्रेमाने सांगितलं जातं. आता जनता म्हणजे काय विचारता! कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार लिहितं, कुणी तीन पानं स्वतःचं चरित्र सांगून चौथ्या पानावर मुद्दाच विसरतं. पलीकडच्या टेबलावरचा टायपिस्ट म्हणायचा, "अहो, हे सगळे कागदी घोडे. ठरायचं ते वर कधीच ठरलेलं असतं." मुद्देसूदला ते अजिबात पटत नसे. नीट लिहिलेली हरकत वाचली जाते, यावर त्याचा विश्वास होता, कुणाकुणाचा देवावर असतो तसा. आणि वाचली गेली नाही तर लिहिणाऱ्याने ती नीट लिहिली नसणार, हेही तो त्याच दमात म्हणायचा.

या खेपेला मसुद्यातलं सतरावं कलम थेट त्याच्या घरात शिरलं. ज्या पाणथळ जागेत वर्षभर पाणी टिकत नाही तिचं संरक्षण काढून घ्यावं, असं ते कलम. त्याची थोरली बहीण, ताई, चार तासांच्या अंतरावर अशाच एका पाणथळीच्या काठी सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती पाणथळ वर्षातले चार महिने कोरडी पडायची. उरलेले आठ महिने पाणी, मासे, पुरुषभर उंचीचं लव्हाळं आणि मोजता येणार नाहीत इतके पक्षी. वस्तीतली निम्मी घरं मासे धरायची, निम्मी लव्हाळ्याच्या चटया विणायची. संरक्षण गेलं की तिथे मातीचा भराव पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मोजणीवाले दोनदा येऊन खुंट्या मारून गेले होते.

मुदत संपायला तेरा दिवस असताना, एका रविवारी सकाळी ताई कापडी पिशवी घेऊन त्याच्या दारात आली. औषधं द्यायला घरोघर हिंडताना तिने सगळ्यांना लिहायला लावलं होतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं तिने स्वतः, ते बोलतील तसं उतरवून घेतलं होतं. दोनशे चौदा कागद. कुणी वहीचं पान फाडलेलं, कुणी औषधाच्या खोक्याची मागची बाजू वापरलेली.

"आधी वाच तरी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

त्याने चहा बाजूला सरकवून वरचे तीन कागद वाचले. पहिल्यात एका बाईने सासूच्या गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं आणि मग मध्येच कुठेतरी बगळे आले होते. दुसऱ्यात सरकारला चक्क शिवी होती. तिसऱ्यात नुसतं चित्र.

"ताई, अगं काय हे? यात कलम कुठाय? मुद्दा कुठाय?"

"मुद्दा त्यांच्या बोलण्यात आहे. तुला शोधावा लागेल."

"मला शोधून काय उपयोग? समितीतली माणसं शोधत बसणार आहेत का? हे सगळं 'इतर'च्या ट्रेमध्ये जाईल आणि तिथून रद्दीत. मी रोज बघतो ना."

"त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून जाऊ दे रे."

"इंजेक्शन कसं द्यायचं ते मी तुला कधी शिकवलंय का?" तो हसून म्हणाला. "मग कागदाचं माझ्यावर सोड."

ताईने कागद पिशवीत परत भरले. लहानपणापासून घरात हुशार तोच, हे तिनेच चार लोकांत सांगून सांगून पक्कं केलं होतं. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

त्याने दुपारभर बसून नमुना तयार केला. विषय, संदर्भ, कलम सतरा, आणि खाली चार मुद्दे, एकाला एक धरून. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. इतकी सुरेख हरकत त्याने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. खाली नावासाठी आणि सहीसाठी जागा सोडून त्याने दोनशे चौदा प्रती काढल्या. जुने कागद ज्याचे त्याला परत दे, नाहीतर चुलीत घाल, असं ताई निघताना त्याने तिला सांगितलं. बिचारी पुन्हा दोनशे चौदा घरं हिंडली. मुदतीच्या दोन दिवस आधी जाडजूड पाकीट ऑफिसात पोचलं, आणि त्या दिवशी मुद्देसूद घरी शीळ घालत गेला.

मुदत संपल्यानंतर तिसऱ्या दिवशी अधीक्षक बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. या वर्षी वहीतले नंबर वर जाणार नव्हते, मोजणी नव्या संगणक प्रोग्रामने होणार होती. कागद यंत्रात टाकायचे, प्रोग्राम ते वाचतो, वेगवेगळे करतो आणि तक्ता काढतो. समितीपुढे जाणार तो फक्त तक्ता. बाईंनी तो त्याच्यापुढे सरकवला.

कलम सतरा. बाजूने एकोणीस. विरोधात एक.

"बाई, काहीतरी चुकलंय. दोनशे चौदा आहेत. मी स्वतः मोजलेत."

"कागद दोनशे चौदा आहेत. मजकूर एकच आहे. सारखा मजकूर प्रोग्राम एकदाच धरतो, नाहीतर कुणीही हजार प्रती काढून पाठवेल." त्यांनी चष्मा काढला. "आणि ज्याने कुणी हा मजकूर लिहून दिला ना, त्याने या लोकांचं मुसळ केरात घातलं हो. लिहिलाय मात्र छान."

कलमाच्या बाजूने आलेले एकोणीस कागद त्याने मागून घेतले. भराव टाकणाऱ्या कंपनीच्या माणसांनी ते पाठवले होते, प्रत्येकाने आपल्या शब्दांत. एकाने तर आजीला चावलेल्या डासांबद्दल दीड पान खरडलं होतं. मुद्द्याचा पत्ता नाही, कलमाचा पत्ता नाही, आणि तरी तो पूर्ण एक मोजला गेला होता.

तेव्हा त्याने बाईंना खरं काय ते सांगितलं. मान खाली घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी बैठकीची वेळ पाहिली.

"समिती उद्या अकराला बसतेय. लोकांनी आपापल्या शब्दांत लिहिलेले कागद त्याआधी आणा. मी पुरवणी म्हणून जोडते. माझ्या जबाबदारीवर."

दुपारची बस धरून तो चारला वस्तीवर उतरला. ताई दवाखान्यात एका म्हाताऱ्याचं बँडेज बदलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती एवढंच म्हणाली, "ते कागद आता कुठले? तूच म्हणालास ना, चुलीत घाल. लोकांनी घातले." मग तिने हात धुतले, कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि ती त्याच्यापुढे चालू लागली.

पहिल्या घरातली बाई चटई विणत होती. गुडघे दुखणाऱ्या सासूबद्दल लिहिणारी तीच. "आधी लिहिलं ते चुकीचं होतं म्हणालात," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. "मग तुमचं बरोबर होतं त्यावर सही केली. आता तेही चालत नाही म्हणता. मग माझं डोकं कशाला खाता?" पुढच्या घरात पाणी विचारलं, बसायला सांगितलं, पण कागद कुणी हातात घेतला नाही. तिसऱ्यात नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि नवरा म्हणाला, "आम्हाला मुद्द्याचं जमत नाही हो." हे वाक्य त्याला त्या संध्याकाळी घरोघर ऐकायला मिळालं. जमत नाही. आम्ही अडाणी. तुम्ही शिकलेले. आणि हे कुणी टोमणा म्हणून म्हणत नव्हतं, हेच त्याला सोसवेना.

शेवटी एका मासेमाराच्या ओसरीवर ते टेकले. म्हातारा माणूस, नर्सबाईंच्या शब्दाला मान देणारा. त्याने कागद घेतला, मांडीवर पाट ठेवला, पेन उघडलं आणि मान वर केली.

"नर्सबाई, मी त्या वेळी काय लिहिलं होतं?"

"ते तुम्ही स्वतः लिहिलंत, बाबा. मी बघितलं नाही."

"रात्रभर बसून लिहिलं होतं. दोन्ही बाजूंनी. आता काही आठवेना." तो मुद्देसूदकडे वळला. "साहेब, तुम्ही तर वाचलं असेल. जरा आठवण करून द्या ना."

दोनशे चौदांपैकी मुद्देसूदने तीन वाचले होते.

"वाचलं नाही," तो म्हणाला. "माफ करा."

म्हाताऱ्याला राग आला नाही. त्याने मान हलवली, जणू यात नवल ते काय, आणि कागदाच्या अगदी तळाशी सही केली. "वरचं तुम्हीच भरा. तुम्हाला कळतं." त्याचं बघून शेजारचे दोघे आले, त्यांनीही सही केली, वर सगळं मोकळं सोडून. अंधार पडेपर्यंत असे एकतीस कागद जमले. घरी आल्यावर ताईने ते त्याच्या हातात दिले आणि ती आत स्वयंपाकाला लागली.

सकाळी साडेदहाला तो आपल्या टेबलाशी बसला. एकतीस कागद, एकतीस सह्या. वेगवेगळं लिहायचं, बस. एक चटईवालीचं, एक मासेमाराचं. लबाडी होती, पण त्याची आता त्याला पर्वा नव्हती. त्याने पेन टेकवलं आणि चटईवाली काय म्हणाली असती याचा विचार केला. त्याला काही सुचेना. लव्हाळं कधी कापतात, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. डोक्यात फक्त ते चार मुद्दे येत होते, एकाला एक धरून, आणि कितीही झटकले तरी तेच येत होते.

अकराला पाच कमी असताना अधीक्षक बाई दारात आल्या. "मिळाले का?"

त्याने गठ्ठा पुढे केला, वर सगळं कोरं आणि तळाशी नुसत्या सह्या. बाईंनी वरचा कागद पाहिला, मग खालचा, मग भरभर सगळे चाळले.

"अहो, हे तर सगळे सारखेच आहेत," त्या म्हणाल्या, आणि गठ्ठा हळूच त्याच्या टेबलावर ठेवून तक्ता घेऊन बैठकीला गेल्या.